समलिंगींसाठी वेगळा कायदा कशाला, म्हणणाऱ्यांना

घाटावरची: ‘जुना कारकून’ यांनी काल लिहिलं, की घटनेत समानता आहे, २०१९चा तृतीयपंथीयांचा कायदा आहे, मग समलिंगींसाठी आणखी कायदा कशाला? रात्रभर ते डोक्यातून जाईना. त्या कायद्याचं कलम ३ म्हणतं, दवाखाना, शाळा, नोकरी, कुठेही भेदभाव नको. पण केला तर? शिक्षा कलम १८ मध्ये. त्यात सार्वजनिक जागी अडवणं आहे, घरातून काढणं आहे. खिडकीवरून परत पाठवणं नाही. आणि हेही फक्त तृतीयपंथीयांना. माझा भाऊ गे आहे, त्याच्यासाठी त्यात एक ओळ नाही.

जुना कारकून: ताई, मी तहसीलीत ३१ वर्षं काढली. घटनेचं कलम १५, भेदभाव नको म्हणणारं, सरकारी कचेरीला लागूच आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमावरच्या २०१८च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लैंगिक कलही त्यात धरलाय. अजून काय हवं?

निळी छत्री: रेशन कार्डासाठी हायकोर्टात जायचं का साहेब?

जुना कारकून: केंद्राने २०२४ला राज्यांना कळवलंय, समलिंगी जोडीदार एकाच कुटुंबात धरा म्हणून.

निळी छत्री: कळवलंय! पुरवठा निरीक्षकाने ते पाळलं नाही तर त्याचं काय बिघडतं?

बांधावरचा: हेलपाटे सगळ्यांनाच आहेत. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी दीड वर्ष चपला झिजवल्या. माझ्यासाठी कुणी कायदा मागितला?

निळी छत्री: केलाय. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. मुदतीत काम नाही झालं तर अपील करा. अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे.

बांधावरचा: दंड भरलेला एक तलाठी दाखवा!

जुना कारकून: अर्जाची पोच घेतली होती का? पोच नाही तर अपील कशावर करणार?

बांधावरचा: पोच मागितली तर म्हणाला, विश्वास नाही का? तुमच्यासारख्यांनीच खातं बुडवलं.

जुना कारकून: तोंड सांभाळून. मी कुणाचा कागद दाबला नाही.

घाटावरची: भाऊ, तुम्हाला परत पाठवलं तेव्हा निदान ‘मुलगा’ लिहायला जागा होती. माझ्या भावाचा अपघात झाला, तेव्हा त्याला नऊ वर्षांच्या जोडीदारानेच सरकारी दवाखान्यात नेलं. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना. त्याने ‘मित्र’ लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला, म्हणाल्या, रक्ताचं माणूस आणा. मी साताऱ्याहून पोचेपर्यंत चार तास तो त्याच बाकावर, हातात भावाचा एक बूट. सही माझी झाली. भावाची ॲलर्जी त्याला माहीत होती, मला नव्हती. त्याला कुणी विचारलंच नाही.

बांधावरचा: हे वाईट झालं, ताई. माझं म्हणणं मात्र सोडत नाही. आधी आहे तो कायदा पाळा.

जुना कारकून: नात्याचा रकाना आम्हीही डोळे झाकून भरून घ्यायचो. त्या बाईंच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, हे कबूल करतो. सेवा नाकारणाऱ्याला दंड हवा, एवढं मान्य. वेगळा कायदा नको, लोकसेवा हक्कातच एक कलम घाला.

घाटावरची: घाला. पण त्यात ‘समलिंगी’ हा शब्द स्पष्ट लिहा. ‘इतर’मध्ये ढकलू नका.