एकाच आईच्या मुली दोन रूपांच्या कशा? (कॉमन मॉर्मन)

अनघा_देवरुख

नमस्कार मंडळी. परसात कढीपत्त्याचं जुनं झाड आहे. गणपतीच्या आधी कॉमन मॉर्मन या फुलपाखराची एक मादी त्याच्या कोवळ्या पालवीवर एकेक अंडं ठेवत फिरत होती. मागच्या पंखांच्या मध्यात पांढरे डाग, कडेला लाल चंद्रकोरी, म्हणजे कॉमन रोज या दुसऱ्या जातीच्या फुलपाखरासारखी दिसणारी. ती बसेल त्या डहाळीवर मी नजर ठेवली आणि ती गेल्यावर तेवढ्याच डहाळ्या काढून जाळीच्या डब्यात ठेवल्या. त्यामुळे सगळी अंडी तिचीच आहेत, याची मला खात्री आहे.

अळ्या आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसत होत्या, मग हिरव्यागार झाल्या. हात लावला की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडायच्या. आता फुलपाखरं बाहेर आली आहेत. नर सगळे सारखे, काळे, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. माद्यांपैकी काही आईसारख्या निघाल्या, पण काही थेट नरासारख्या! पोटाची टोकं भिंगाखाली बघून खात्री केली, त्या माद्याच आहेत. फोटो सोबत टाकले आहेत.

एका आईच्या मुली अशा दोन तऱ्हांच्या कशा? आणि नर कधीच रोजसारखा का दिसत नाही? आठवीतल्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे: आपण कोणासारखं दिसायचं हे फुलपाखराला कळतं कसं? कोणी समजावून सांगेल का?

पाचोळा

फोटो पाहिले, ओळख बरोबर आहे. नरासारखी दिसणारी मादी म्हणजे सायरस रूप. आई आणि तिच्यासारख्या मुली स्टिकियस रूपाच्या, ती कॉमन रोजची नक्कल. तिसरं रोम्युलस, ते क्रिमसन रोज या आणखी एका फुलपाखराची नक्कल करतं: पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपक्यांच्या ओळी. तिन्ही रूपं कोकणात दिसतात. बाहेर ओळखायचं तर अंग बघा. दोन्ही रोजचं डोकं आणि अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. बाकीचं घाटमाथा सरांनीच सांगावं.

घाटमाथा

अनघाताई, डहाळ्या वेगळ्या काढून तुम्ही फार मोलाचं काम केलंत. आई कोण ते माहीत आणि मुली कशा निघाल्या तेही माहीत, अशी नोंद क्वचित मिळते. उत्तर तुमच्या डब्यातच आहे, फक्त ते वडिलांकडून वाचायला लागतं.

फुलपाखरांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं आपल्या उलट असतात. नरात दोन झेड, मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू. डब्ल्यू आईकडून फक्त मुलींना जातं. नकलेचं जनुक डब्ल्यूवर असतं तर तुमच्या सगळ्या मुली आईसारख्या निघाल्या असत्या. उत्तर अमेरिकेतल्या टायगर स्वॅलोटेलमध्ये, म्हणजे पॅपिलिओ ग्लॉकसमध्ये, बहुतेक वेळा तसंच होतं, काळ्या आईच्या मुली काळ्या. तुमच्याकडे तसं झालं नाही. म्हणजे इथे नकलेचं जनुक लिंग-गुणसूत्रांवर नाही, साध्या गुणसूत्रावर आहे, आणि आईवडील दोघांकडून एकेक प्रत येते. नकलेची प्रत प्रभावी, सायरसची अप्रभावी. तुमच्या मादीकडे एक नकलेची आणि एक सायरसची असणार. मुलींना सायरस व्हायला दोन सायरस प्रती लागतात, त्यातली दुसरी वडिलांनी दिली. त्या नराला तुम्ही कधी पाहिलं नसेल, तरी त्याच्या पोटी सायरसची निदान एक प्रत होती हे तुम्ही घरबसल्या सिद्ध केलंत.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटते ती नराची गोष्ट. नर नकलेचं जनुक बाळगतो, पुढच्या पिढीला देतो, पण स्वतःच्या पंखांवर त्याची एक रेघही दिसत नाही. तुमच्या डब्यातल्या त्या एकसारख्या नरांपैकी काहींच्या अंगात रोजचं रूप दडलेलं आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. या वेगवेगळ्या दिसणाऱ्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने मलाय द्वीपसमूहातल्या संग्रहावरून १८६५ साली मांडलं. नकलेची मूळ कल्पना त्याचा मित्र बेट्स याची. दोघे १८४८ मध्ये एकत्र अॅमेझॉनला गेले होते, आणि बेट्सचा निबंध १८६२ मध्ये छापून आला: चवदार फुलपाखरू बेचव फुलपाखरासारखं दिसलं तर पक्षी त्याला सोडून देतात. पहिल्या महायुद्धाच्या आधी सिलोनमध्ये फ्रायर या कीटकशास्त्रज्ञाने कॉमन मॉर्मनच्या पिढ्या वाढवून, तुम्ही आत्ता केलंत तेच, वंशावळी मांडल्या. १९७२ मध्ये क्लार्क आणि शेपर्ड या संशोधकांनी अशाच पैदाशीतून दाखवलं की रूप एकाच ठिकाणाहून ठरतं.

पण ते 'एक ठिकाण' म्हणजे काय? पंखांचा रंग, ठिपक्यांची जागा, लाल चंद्रकोरी, सगळं एका झटक्यात बदलतं. म्हणून अंदाज असा होता की शेजारी शेजारी चिकटलेल्या अनेक जनुकांचा तो गट असावा, ज्याला सुपरजीन म्हणतात. २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे, मार्कस क्रोनफोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे सारं एकाच जनुकाचं काम आहे, आणि त्याचं नाव डबलसेक्स. कीटकांमध्ये कोणत्या अवयवाने नरासारखं व्हायचं आणि कोणत्या अवयवाने मादीसारखं, हे सांगणारं हे फार जुनं जनुक, फळमाशीतही तेच. एकाच जनुकातून नरात एका घडणीचं प्रथिन तयार होतं, मादीत दुसऱ्या. उत्क्रांतीने नकलेसाठी नवं जनुक घडवलं नाही, नर-मादी वेगळे करणारी जुनी कळच पंखांच्या नक्षीसाठी वापरली. नकल माद्यांपुरतीच का राहते, याचा मोठा धागा इथे आहे.

दुसऱ्या वर्षी जपानी संशोधकांच्या गटाने कोषातल्या कोवळ्या पंखात हे जनुक दाबून पाहिलं. नकलेची नक्षी गेली आणि तिथे सायरससारखी नक्षी आली. त्यांनी हेही दाखवलं की नकलेच्या प्रतीत या जनुकाभोवतीचा सुमारे १,३०,००० अक्षरांचा डीएनए उलटा बसलेला आहे. सदऱ्याची एक पट्टी उलटी शिवली तर काजं आणि बटणं जुळत नाहीत, तशा या दोन प्रती एकमेकींशी नीट जुळत नाहीत. त्यामुळे त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल होत नाही आणि मधलंच कसलं तरी रूप निघत नाही. अर्धवट रोजसारखी दिसणारी मादी कोणालाच फसवू शकणार नाही, म्हणून हे महत्त्वाचं.

मुलाला सांगा, फुलपाखराला काहीच कळत नाही. ते आरशात बघत नाही, ठरवत नाही. ज्या माद्या योगायोगाने थोड्या रोजसारख्या दिसल्या, त्या थोड्या जास्त वाचल्या आणि त्यांची अंडी जास्त टिकली. हे हजारो पिढ्या चालू राहिलं. ठरवणारा होता तो पक्षी, आणि त्यालाही आपण काही घडवतोय याचा पत्ता नव्हता.

अनघा_देवरुख

सर, मनापासून आभार. मुलाने दोनदा वाचून काढलं. आता त्याचे पुढचे प्रश्न: नकल इतकी फायद्याची असेल तर सगळ्याच माद्या रोजसारख्या का नाहीत? आणि पक्षी फसतात हे कोणी खरंच पाहिलंय का?

घाटमाथा

दुसरा प्रश्न आधी घेतो. जेन ब्राउअर यांनी १९५८ मध्ये फ्लोरिडातल्या स्क्रब जे पक्ष्यांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना आधी बॅटस फिलेनॉर हे फुलपाखरू दिलं. आपल्या रोजसारखंच त्याचीही अळी अॅरिस्टोलोकिया कुळातल्या वेलीवर वाढते आणि फुलपाखरू बेचव असतं. पक्षी ते टाकायला शिकले, आणि मग त्याच्यासारखी दिसणारी चवदार फुलपाखरंही टाकायला लागले. ज्यांनी बॅटस कधी चाखलंच नव्हतं, ते पक्षी तीच चवदार फुलपाखरं खात होते. त्या नकलाकारांत वर सांगितलेल्या ग्लॉकसच्या काळ्या माद्याही होत्या. म्हणजे भीती जन्मजात नव्हती, अनुभवातून आली होती.

आता पहिला प्रश्न, आणि मुलाने नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. नकल चालते ती पक्ष्याला खऱ्या रोजची वाईट चव आठवत असेल तोवरच. नकलाकार फार झाले तर पक्ष्याला लाल-पांढऱ्या नक्षीत वारंवार चवदार घास मिळायला लागतो आणि दहशत ओसरते. म्हणजे नकलेचा फायदा ती विरळ असताना जास्त आणि वाढली की कमी. शिवाय खरं रोज आसपास असावं लागतं. रोम्युलस मुख्यतः भारत-श्रीलंकेत दिसतं, कारण क्रिमसन रोज मुख्यतः इथे आहे. जपानच्या दक्षिण बेटांवर क्रिमसन रोज नाही, म्हणून तिथे रोम्युलसही नाही.

सायरस टिकून राहायला इतरही कारणं असू शकतात, त्यावर अभ्यासकांत एकमत नाही. नर नकल का करत नाहीत, याबाबतही तसंच. माद्या जोडीदार निवडताना जुनी नक्षी पसंत करतात, हे एक मत. दुसरं मत धोक्याचं. जपानचे ओसाकी यांनी मलेशियात पंखांवरच्या चोचीच्या खुणा तपासल्या, तेव्हा माद्यांवर हल्ले जास्त होतात असं दिसलं. अंड्यांनी जड झालेली मादी झाडाझाडाशी हळू घिरट्या घालते, नर सुसाट जातो. मला हे दुसरं कारण अधिक पटतं, कारण कढीपत्त्यापाशी उभं राहिलं की ते डोळ्यांनी दिसतं. कोतवाल आणि वेडे राघू तारेवर बसलेले असतात आणि मादी खाली पानं चाचपत असते.

उडणंही बघा. नकल करणारी मादी रोजसारखी संथ, पंख फडफडवत उडते. ती दचकली तर मात्र मॉर्मनचा वेग बाहेर येतो.

मांडवीकाठ

सुंदर चर्चा. मी गोव्यातून. आमच्याकडे पावसानंतर क्रिमसन रोज भरपूर दिसतात, पण घराजवळ अंडी कधी सापडली नाहीत. वेल लावायचा तर कोणता?

घाटमाथा

सापसण, म्हणजे अॅरिस्टोलोकिया इंडिका. दोन्ही रोजच्या अळ्या तिच्या कुळावर वाढतात आणि त्यातली विषद्रव्यं अंगात साठवतात. रोजचा बेचवपणा तिथून येतो, आणि मॉर्मनची सगळी नकल त्यावरच उभी आहे. फळं पिकून वाळली की देठाकडून उकलतात आणि वेलीवर लहान टोपल्यांसारखी लटकतात, आत चपट्या पंखदार बिया. वारा लागायच्या आधी गोळा करा. कुंपण साफ करताना हा वेल सर्रास उपटला जातो, निदान आपल्या कुंपणावरचा तरी राहू द्या.

नर्सरीत याच कुळातला मोठ्या नक्षीदार फुलांचा परदेशी वेल मिळतो, तो आणू नका. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग फुलपाखरू अशाच परदेशी वेलीवर अंडी घालतं आणि अळ्या ती पानं खाऊन मरतात. आपल्या रोजवर तो प्रयोग कशाला करायचा?

आणखी एक, हे मनावर घ्याच. सापसण गावाकडे औषध म्हणून पोटात देतात. तिच्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने माणसाचे मूत्रपिंड निकामी होतात आणि कर्करोगही होतो, हे सिद्ध झालेलं आहे. वेल अळ्यांसाठी ठेवा, काढ्यासाठी नको.

अनघाताई, पुढच्या वेळी सायरस मादी अंडी घालताना दिसली तर तिच्याही डहाळ्या वेगळ्या ठेवा. तिच्याकडे नकलेची प्रत असूच शकत नाही. त्यामुळे तिची एखादी मुलगी रोजसारखी निघाली, तर ते रूप नक्की वडिलांकडून आलं. आईचं रूप, तारीख आणि प्रत्येक मुलीचं रूप एवढं वहीत लिहा आणि इथे टाका.

अनघा_देवरुख

नक्की. आज सकाळीच एक सायरस लिंबाभोवती फिरत होती, पण कढीपत्त्याकडे आली नाही. लिंबावरची अंडी चालतील ना?

घाटमाथा

चालतील. फक्त लिंबावर लाइम बटरफ्लायही अंडी घालतं, म्हणून मादी बसलेली स्वतः बघितल्याशिवाय डहाळी घेऊ नका.