मदत हवी आहे: अलॉय व्हीलला पेंट की पावडर कोटिंग?

१५ इंची अलॉय, चारही सिल्व्हर. गाडी माहीमला उघड्यावर उभी असते. दोन रिमच्या कडा फुटपाथला घासून खरवडल्या आहेत, आणि व्हॉल्व्हच्या आसपास रंगाखाली पांढरट फोड आले आहेत. पेंटर म्हणतो टू-के पेंट (हार्डनर मिसळून मारायचा), टायरवाला म्हणतो पावडर कोटिंग. काय करावं, आणि दुकानात काय विचारून घ्यावं?

प्रतिसाद १
आधी कडेवर नख फिरवा. अडकतंय का? सगळं त्यावर अवलंबून आहे.

पावडर विजेच्या भाराने रिमला चिकटवतात आणि भट्टीत १८० ते २०० अंशांना भाजतात. साधी बॉडी पुट्टी तिथे फुगते नाहीतर तडकते. शिवाय तिच्यातून वीज वाहत नाही, त्यामुळे पावडरही धड बसत नाही. म्हणजे खोल घाव असेल तर टिग वेल्डिंगने ॲल्युमिनियम भरून घासायचं, नाहीतर पुट्टी भरून पेंट करायचा. वरवरचे ओरखडे फाइल आणि सँडपेपरने निघतात.

ते पांढरे फोड म्हणजे खाऱ्या हवेने लागलेला गंज. त्यावरून काहीही मारलं तरी खालून पसरत राहणार. रंग धातूपर्यंत उतरवायलाच हवा.

कशाने उतरवता, हे दुकानात पहिलं विचारा. ग्रिल-गेटवाल्यांकडे लोखंडासाठी कॉस्टिक सोड्याची टाकी असते. त्यात अलॉय बुडवणार असतील तर रिम उचला आणि निघा, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. मग विचारा, पावडर मारण्याआधी रिम रिकामी भाजता का? ओतीव धातूच्या छिद्रांतली हवा आधी बाहेर पडली नाही तर ती भट्टीत लेप फोडून निघते आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात. पावडर प्युअर पॉलिएस्टरच हवी. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढरी पडते.

प्रतिसाद २
पेंट करणार असाल तर उघड्या ॲल्युमिनियमवर इपॉक्सी किंवा एच (etch, धातूला धरून बसणारा) प्रायमर लागतोच, साधा प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो. प्रायमर ४०० ते ६०० नंबरच्या सँडपेपरने घासा, बेसचे (रंगाचे) २-३ पातळ हात द्या, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं थांबा, वर टू-के क्लिअरचे (पारदर्शक लेपाचे) २ हात. टायर निदान २४ तासांनी चढवा. भर पावसाळ्यात हे काम काढू नका: हार्डनरची हवेतल्या ओलीशी प्रक्रिया होते आणि क्लिअरमध्ये बुडबुडे धरतात. फवारताना कापडी मास्क चालत नाही, टू-के हार्डनरसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो.

पेंटचा खरा फायदा पुढे कळतो. पुन्हा घासलं तर तेवढीच जागा दुरुस्त होते. पावडरला अख्खी रिम सोलावी लागते.

धागाकर्ता
नख अडकतं. एका रिमला साधारण १ मिमी खोल आहे, दुसरीला कमी. वेल्डिंग केलं तर चालेल?

प्रतिसाद १
बाहेरच्या कडेला फक्त दिसण्यापुरतं भरायचं असेल तर चालेल. आऱ्याजवळ किंवा टायर बसतो त्या जागी चीर असेल तर ती रिम भंगारात. आणि चारही एकाच पद्धतीने करा, पावडरचं सिल्व्हर आणि पेंटचं सिल्व्हर शेजारी ठेवली की लगेच वेगळी दिसतात.

पावडर ठरली तर नट बसतो तो कोन, हबचं भोक आणि हबला टेकणारी बाजू टेप-प्लगने झाकायला सांगा. लेप ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. नटाखाली तो दबला की नट ढिले होतात. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) टॉर्क रेंचने नट आवळा आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा. व्हॉल्व्ह नवे घाला.

बॅलन्सिंगला कडेवर ठोकायची क्लिपची वजनं नकोत, आतून चिकटवायची सांगा. क्लिपने कडेचा लेप तुटला की मीठ तिथूनच शिरतं.