सकाळी डिझायनिंगचं सॉफ्टवेअर उघडतानाच हँग होऊन राहिलं, काय करू? (बजेट १५००)

महालचा_पत्रिकावाला
नमस्कार मंडळी. नागपुरात महाल भागात पत्रिका, बॅनर, लेटरहेडचं छोटं दुकान आहे. लग्नसराई डोक्यावर आली आणि सॉफ्टवेअर सकाळी उघडायलाच तयार नाही. सुरुवातीचं चित्र येतं, खालची पट्टी अर्धी सरकते, मग "नॉट रिस्पॉन्डिंग" आणि गोल गोल फिरणं चालू. कधी बऱ्याच वेळानं आपोआप उघडतं, कधी टास्क मॅनेजरमधून मारावं लागतं. दुपारी मात्र झटकन उघडतं. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप वगैरे दिवसभर ठीक चालतात.
विंडोज १०, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क. सॉफ्टवेअर लायसन्सचं आहे, थोडं जुनं. नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल. बजेट १५०० रुपये. नवीन मशीन सुचवू नका प्लीज.

बर्डी_३१
नवीन मशीनच घे भाऊ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, आता त्याच्यावर पैसे कायले घालतो? मी बर्डीवरून असेंबल करून घेतला, ३२ जीबी रॅम, कीबोर्डाखाली लाइट. बटन दाबलं की चहाचा घोट घ्यायच्या आत चालू.

फॉरमॅट_मास्टर
फॉरमॅट मारा. विषय संपला.

खामल्याची_ताई
साध्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क टाका. माझ्या मुलाचा लॅपटॉप अगदी असाच करत होता, एसएसडी टाकली आणि नव्यासारखा झाला. १५०० च्या थोडं वर जाईल, पण डोक्याचा ताप जाईल.

महालचा_पत्रिकावाला
@फॉरमॅट_मास्टर भाऊ, फॉरमॅट मारला की लायसन्स पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा, फॉन्ट पुन्हा टाका, प्रिंटर पुन्हा बसवा. सीझनमध्ये एक अख्खा दिवस कुठून आणू?

संत्रा०७१२
नाव न सांगता सल्ला मागणं म्हणजे डॉक्टरला फोनवर फक्त "दुखतं" सांगणं. तरी अंदाजानं लिहितो. कोरल असेल तर उघडताना एफ८ दाबून ठेवा, सगळी सेटिंग मूळ जागी येते. फोटोशॉप असेल तर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही एकत्र. वर्ड असेल तर कंट्रोल दाबून उघडा, सेफ मोडचं विचारतं. लिब्रे ऑफिसलाही सेफ मोड आहे.
पण घाई करू नका. एफ८ नं तुमचे टूलबार, शॉर्टकट सगळे साफ होतील. दुपारी उघडतं म्हणता ना, तर दुपारी आधी वर्कस्पेस एक्सपोर्ट करून ठेवा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी हा प्रयोग.

कूलर_काका
कोणी मूळ मुद्द्यावर येऊनच नाही राहिलं. दुकानात कूलर आहे का? तोंड सीपीयूकडे असेल तर ओली हवा आत जाते, धूळ चिकटते, पंखा जाम होते. नागपूरचा उन्हाळा म्हणजे खेळ नाही. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा माझा मदरबोर्ड गेला. साइडचं झाकण काढा, ब्लोअर मारा.

बर्डी_३१
काका, उष्णतेनं असतं तर दुपारी बंद पडलं असतं. हे तर सकाळीच अडून राहिलं!

कूलर_काका
रात्रभराचा दमटपणा सकाळी असते. तुम्ही तरुण पोरं ऐकत नाही.

जुना_डीटीपीवाला
मी फ्लॉपीच्या काळापासून डीटीपीत, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर लावायच्या कामात आहे. माझं स्पष्ट मत: फॉन्ट. मराठी डीटीपीवाल्याच्या मशीनमध्ये दोन-दोन हजार फॉन्ट कोंबलेले असतात, त्यातले वापरतो पंधरा. सॉफ्टवेअर सुरू होताना सगळ्यांची हजेरी घेतं, एखादा खराब निघाला की तिथंच अडकतं. फॉन्टच्या फोल्डरची कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा, नको असलेले काढून टाका. विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टना मात्र हात लावू नका.

युनिकोडप्रेमी
ते जुने फॉन्ट एकदाचे सोडा ना. युनिकोडवर या, म्हणजे मोबाइलवर, नेटवर सगळीकडे सारखंच चालणारं मराठी. पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून आला की सरळ पेस्ट, पुन्हा टाइप करायची गरजच नाही.

जुना_डीटीपीवाला
पेस्ट करा आणि मग जुन्या व्हर्जनमध्ये "श्री"चा पाय मोडलेला आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली बघा. वधूचं नाव चुकलं तर शिव्या तुम्ही खाणार का? तीनशे पत्रिका मी स्वतःच्या खर्चानं परत छापल्या आहेत.

युनिकोडप्रेमी
जुनं व्हर्जन वापरता म्हणून. दोष युनिकोडचा नाही.

नेटवर्कवाला_त्रिमूर्तीनगर
मंडळी, फॉन्टची लढाई दुसऱ्या धाग्यावर करा. @पत्रिकावाला, एक पैसा खर्च करू नका, आधी एवढं बघा. सॉफ्टवेअर अडकलेलं असताना टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू किती टक्के, डिस्क किती टक्के? डिस्क १०० वर चिकटली असेल तर खामल्याच्या ताई बरोबर. सीपीयू चढलेला असेल तर फॉन्ट, प्लगइन, सेटिंगची फाइल असं काहीतरी. दोन्ही थंड असतील तर सॉफ्टवेअर काम करतच नाही आहे, कोणाची तरी वाट पाहून राहिलं आहे.
मग "डिटेल्स"च्या टॅबमध्ये त्याच्या नावावर राइट क्लिक, "अ‍ॅनालाइझ वेट चेन". कोणासाठी थांबलं त्याचं नाव बऱ्याचदा तिथंच मिळतं.

खामल्याची_ताई
तेच म्हणते आहे मी, एसएसडी.

महालचा_पत्रिकावाला
आज सकाळी पाहिलं. सीपीयू ०, डिस्क १-२ टक्के. वेट चेनमध्ये सॉफ्टवेअरच्या खाली एसपीएलडब्ल्यूओडब्ल्यू६४ असं काहीतरी दिसलं. व्हायरस आहे का?

फॉरमॅट_मास्टर
व्हायरसच. फॉरमॅट.

नेटवर्कवाला_त्रिमूर्तीनगर
व्हायरस नाही हो, विंडोजचंच आहे. ३२ बिटचं सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोजवर प्रिंटरशी बोलायला गेलं की हा मधला दुभाषी जागा होतो. तुमचं सॉफ्टवेअर उघडताना डिफॉल्ट प्रिंटरला हाक मारते. तो प्रिंटर कुठं आहे?

महालचा_पत्रिकावाला
समोरच्या चुलतभावाच्या झेरॉक्सच्या दुकानात. नेटवर्कवरून जोडला आहे. तो अकराला शटर उघडतो.

बर्डी_३१
😂😂 म्हणून दुपारी पळते!

नेटवर्कवाला_त्रिमूर्तीनगर
झालं तर. खात्री करायला उद्या सकाळी नेटवर्कची वायर काढून सॉफ्टवेअर उघडा. नंतर सेटिंगमध्ये प्रिंटर्समध्ये जाऊन "लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर"ची खूण काढा. ती ठेवली तर शेवटी वापरलेला प्रिंटर पुन्हा डिफॉल्ट होतो आणि तुम्ही परत इथं याल. मग "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ" डिफॉल्ट करा. प्रिंट काढताना तेवढा भावाचा प्रिंटर निवडायचा. खर्च शून्य.

संत्रा०७१२
मीही हेच लिहिणार होतो.

जुना_डीटीपीवाला
तरी फॉन्ट कमी कराच.

महालचा_पत्रिकावाला
वायर काढली, सरळ उघडलं. नेटवर्कवाले भाऊ, मानलं तुम्हाला.
पण डिफॉल्ट बदलत नाही. दुकानात पोरगा आहे, घाईत तो प्रिंटर निवडायचं विसरणार आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना डेस्कटॉपवर पीडीएफचा ढीग लावणार. भावाच्या शटरची एक चावी आमच्या घरी असतेच. सकाळी पोरगा आधी समोर जाऊन प्रिंटर चालू करेल, मग आमचा कॉम्प्युटर. भाऊही खूश, त्याचं झाडून-पुसून होईल.

नेटवर्कवाला_त्रिमूर्तीनगर
अहो, दोन क्लिकचं काम आहे ते. भाऊ चार दिवस गावाला गेला आणि चावी घेऊन गेला तर?

महालचा_पत्रिकावाला
तेव्हा वायर काढू.

बर्डी_३१
वायर काढायसाठी ३२ जीबी रॅम लागत नाही, हे खरं.

कूलर_काका
झाकण उघडून पाहिलं का नाही ते सांगितलंच नाही.

हिंगणा_रोड
धागा वर आला म्हणून विचारतो. माझं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर पण उघडताना असंच थांबते, पण माझ्याकडे प्रिंटरच नाही. एसएसडी घेऊ का? बजेट ८००.

खामल्याची_ताई
घ्या.

नेटवर्कवाला_त्रिमूर्तीनगर
थांबा. डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहे का? आणि टास्क मॅनेजर उघडा, सीपीयू आणि डिस्क किती ते आधी सांगा.