मागचे पाय गेलेत, व्हीलचेअर लावू का? की हे फक्त माझ्या समाधानासाठी?

ब्रुनोचीआई
आमचा कुत्रा ब्रुनो, डॅशहंड, सात वर्षांचा. मणक्यातली गादी सरकली आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले, ऑपरेशनला तीन महिने झाले तरी पायात जीव नाही. पुढून अगदी पहिल्यासारखाय, बेल वाजली की भुंकतो, जेवतो नीट, बॉल दिसला की मागचं अंग फरफटत निघतो आणि ते बघून पोटात तुटतं. व्हीलचेअरचं माप घेऊन झालंय पण ऑर्डर द्यायला हात धजत नाही. घरातले म्हणतात असं जगवणं म्हणजे हालच. मी हे त्याच्यासाठी करतेय की मला त्याला सोडवत नाही म्हणून, तेच कळेना. ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा, गोड नको.

चिऊताई
ताई, आमची चिऊ चार वर्षं चाकांवर होती. पहिल्या दिवशी जागची हलली नाही, नुसती उभी, मग रोज दहा-दहा मिनिटं करत आठवड्याभरात पळायला लागली. पण चाकं म्हणजे दिवसातला तास-दीड तास, त्यात त्यांना नीट आडवं होता येत नाही म्हणून काढावीच लागतात. तुम्ही उरलेल्या साडेबावीस तासांचं बघा. ब्रुनोला लघवी आपली आपण होते का? नसेल तर दिवसातून तीन-चारदा पोट दाबून काढावी लागते, डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून शिका, आत राहिली की इन्फेक्शन होतं आणि मागची जाणीव गेलेली असली तर त्याला दुखणारही नाही, वास आणि रंगावरून आपणच ओळखायचं. कूस बदलायची, हाडांवर लाल चट्टे शोधायचे. हे रोज झेपणार असेल तर बिनधास्त लावा.

शेरू_२
माझा अनुभव वेगळा. आमच्या जर्मन शेफर्डला डिजनरेटिव्ह मायलोपथी होती, आजार दुखत नाही पण मागून पुढे सरकत येतो. चाकांवर पहिले सात महिने खरंच छान गेले. मग पुढचे पाय लटपटायला लागले, तरी मी व्हीलचेअर लावायचो, तो नुसता उभा राहायचा आणि मी मागून ढकलायचो. ते फिरणं माझं होतं, त्याचं नाही. दोन महिने उशीर केला मी, अजून सलतं. ब्रुनोचा आजार तसा पुढे चढत जाणारा नाही, दुसरी गादी सरकू शकते तेवढं लक्षात ठेवा. पण कुठे थांबायचं ते आत्ताच, डोकं शांत असताना लिहून ठेवा.

निळूकाका
प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांची २००४ ची मोजपट्टी आहे, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, बेरीज ३५ च्या वर असली तर पुढे जायला हरकत नाही. चालणं त्या सातातला एकच मुद्दा, हे घरच्यांना दाखवा. गुण मात्र तुम्ही एकटीने देऊ नका, त्यांनाही वेगळे द्यायला सांगा.

ब्रुनोचीआई
सगळ्यांचे मनापासून आभार. लघवी आम्हीच काढतो, ते जमतंय. चिऊताईंचं वाचून लगेच त्याला उलटसुलट करून बघितलं तर डाव्या मांडीच्या हाडावर लाल चट्टा सापडला, केसांखाली होता, मला दिसलाच नव्हता. आधी तो बरा करते, मग ऑर्डर. आणि वहीत लिहिलंय, ब्रुनो स्वतःहून निघाला नाही तर ढकलायचं नाही. खाली तारीख टाकून यांचीही सही घेतली.