मदत हवी आहे: आयर्न ऑक्साइड घालूनही ६ एमव्हीवर फरक का दिसत नाही?

प्रश्न: रेडिएशनने कॅन्सरच्या पेशी जास्त मराव्यात म्हणून कोल्हापुरातल्या लॅबमध्ये मॅग्नेटाइटचे (आयर्न ऑक्साइडचे) नॅनोकण बनवलेत. फेरिक-फेरस २:१, नायट्रोजनखाली अमोनियाने पीएच १०, वर सायट्रिक ॲसिडचं कोटिंग. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) १२ नॅनोमीटर. एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी), ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, कण मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम, २४ तास. मग लिनॅकवर (रेडिएशन देणारं मशीन) ६ एमव्हीच्या एक्स-रे बीमने २, ४, ६ ग्रे (डोसचं एकक) आणि २४ तासांनी एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी). कण घातलेले वेल आणि साधे वेल सारखेच. काही ठिकाणी तर कणवाल्या पेशी जास्तच जिवंत! पुन्हा मशीन रविवारी मिळणार आहे. काय बदलू?

उत्तर १: एमटीटी बाजूला ठेवा. रेडिएशन लागलेली पेशी बहुधा विभाजनाच्या वेळी मरते; २४ तासांत ती एमटीटीला व्यवस्थित रंग देत असते. शिवाय तुमचे तपकिरी कण ५७० नॅनोमीटरलाही प्रकाश शोषतात, म्हणून ‘जास्त जिवंत’. पेशींशिवाय नुसते कण आणि एमटीटी घालून रीडिंग घ्या, लगेच कळेल.

क्लोनोजेनिक (किती पेशी वाढून कॉलनी करतात ते मोजणारी चाचणी) करा. ६ वेलची प्लेट. ० ग्रेला २००, २ ला ४००, ४ ला १०००, ६ ला ३००० पेशींपासून सुरुवात. साधारण १४ दिवस प्लेट हलवू नका, मग क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा. ५० पेशींच्या वरचीच कॉलनी मोजायची. कणवाल्या प्लेटचा हिशोब तिच्याच ० ग्रेने भागा, नाहीतर कणांचं विष रेडिएशनच्या नावावर चढतं.

उत्तर २: वरच्या मुद्द्यांत भर. लोखंडाचा अणुक्रमांक २६, याच कामासाठी वापरतात त्या हाफ्नियमचा ७२. फोटोइलेक्ट्रिक शोषण अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढतं, पण ६ एमव्हीत राज्य कॉम्प्टन विकिरणाचं, ज्यावर अणुक्रमांकाचा फारसा परिणाम नसतो. त्यामुळे लोखंडाकडून डोस वाढेल ही आशा सोडा. झालाच तर फायदा फेंटन रिॲक्शनचा (लोखंड पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून घातक रॅडिकल बनवतं). तो डीसीएफएच-डीएने (अशा रॅडिकलमुळे चमकणारा रंग) तपासा.

२०१९ मध्ये युरोपात सीई मार्क (विक्रीची मान्यता) मिळालेलं हाफ्नियम ऑक्साइड थेट गाठीत टोचतात: लिटरला ५३.३ ग्रॅम, गाठीच्या आकारमानाच्या १०%. म्हणजे गाठीत मिलीलिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, तुमच्या शंभरपट. सॉफ्ट टिश्यू सार्कोमात (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींचा कॅन्सर) काढलेल्या गाठीत जिवंत कॅन्सर पेशी जवळपास न उरण्याचं प्रमाण तिथे ८ वरून १६ टक्क्यांवर गेलं. चांगलंच, पण चमत्कार नव्हे.

रविवारी गँट्री (मशीनचा फिरता हात) १८० अंशांवर घ्या, म्हणजे बीम खालून येईल; प्लेटखाली १.५ सेंटीमीटर सॉलिड वॉटर (पाण्यासारखं वागणारं प्लास्टिक), वर ५ सेंटीमीटर. वरून बीम दिलात तर मीडियमवरची हवा बिल्ड-अप (डोस पूर्ण पातळीला चढणं) बिघडवते. आणि डीएलएस (द्रवातल्या कणांचा आकार मोजणं) पाण्यात नव्हे, सीरम घातलेल्या मीडियममध्ये करा. वेलच्या कडेला तपकिरी कडं बसलेलं दिसलं तर कण गुठळ्या होऊन कडेला जमलेत, सगळ्या पेशींना सारखे ५० मायक्रोग्रॅम मिळालेच नाहीत.