कोनशिला, फलक की नुसती पाटी?

प्रश्न : आमच्या पेठेतल्या तालमीचा इतिहास चार ओळींत दगडावर कोरून दर्शनी भिंतीत बसवायचाय. पत्रिकेच्या कच्च्या मजकुरात ‘कोनशिला अनावरण’ असं आलंय. मला खटकतंय. बरोबर शब्द कोणता?

– खटकलं ते बरोबरच. कोनशिला हा इंग्रजीवरून घडवलेला शब्द; कोपऱ्यात बसवायचा पायाचा दगड. भूमिपूजनाला रिकाम्या जागेत चार विटा रचून तिच्यावर पडदा सोडतात, ती कोनशिला. उभ्या तालमीला आता कोनशिला म्हणजे नातवंडं झाल्यावर आजोबांचं बारसं.

– मग शिलालेख म्हणा की! खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात यादव राजा सिंघणाचा आहे तसा.

– तो दानलेख आहे भावा, राजानं दिलेल्या दानाची नोंद. अर्थानं तुमचंही चुकत नाही, दगडावर कोरलं की शिलालेखच. पण आज कोरलेल्याला कुणी तसं म्हणत नाही, त्या शब्दाला जुनेपणाचा वास चिकटलाय. आपल्याकडं वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे दगड, तर बिनअक्षरांचेही असतात. करवीर तालुक्यातल्या बीड गावी जाऊन बघा. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगापुढं बसलेला, शेंड्याला चंद्र-सूर्य. खालून वर वाचायचं. यातला ‘गळ’ मासे धरायचा नव्हे; कन्नडमधला ‘कल्लु’, म्हणजे दगड.

– स्मृतिफलक लिहा. आणि ‘ति’ ऱ्हस्व, समासात पहिलं पद तसंच राहतं.

प्रश्नकर्ता : ‘स्मृतिफलक’ वस्तादांना ऐकवला. म्हणाले, “तालीम बंद पडली काय रं? सकाळी पोरं मेहनत करत्यात की हितं.”

– वस्तादांचा कान पक्का आहे! स्मृती गेलेल्याची. कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे 9 डिसेंबर 1950 ला बसले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्या दिवशी त्या पुतळ्याला ‘स्मृती’ जोडली असती तर कसं दिसलं असतं? उलट कोल्हापूरच्याच लक्ष्मी विलास पॅलेसला, जिथं 26 जून 1874 ला शाहू महाराज जन्मले, ‘जन्मस्थळ’ हा एक शब्द पुरतो.

– ‘माहितीफलक’?

– त्यावर एसटीचं वेळापत्रक असतं.

– नुसतं ‘फलक’ लिहा. मूळ अर्थ लाकडाची फळी. फळा, फळी त्याचीच पोरं. दगडालाही आता चालतो, कुणी हरकत घेत नाही. पाटीही चालेल, पण पत्रिकेत ‘पाटीचे अनावरण’ वाचून लोक हसतील.

प्रश्नकर्ता : ‘फलक अनावरण’ ठरलं. कोरणारा त्याला ‘नावाची फरशी’ म्हणतो आणि पैसे अक्षरावर घेतो. मजकूर मोजला, तर इतिहासापेक्षा ‘यांच्या शुभहस्ते’ आणि खालची नावंच जास्त भरली. ती निम्मी काढली, आता तालमीच्या पहिल्या वस्तादांना एक ओळ मिळतीय.