विंडोज १० चा जुना लॅपटॉप लिनक्स मिंटवर न्यायचाय: श्रीलिपीच्या फाइल्स आणि एलबीपी २९०० चं काय?

प्रश्न: तळटीप

लॅपटॉप आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क (एसएसडी नाही). विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचा विचार आहे. काम साधंच: ब्राउझर, बँक, व्हॉट्सॲप वेब, हिशेबाच्या एक्सेल शीट आणि मराठी पत्रव्यवहार. जुनी पत्रं वर्डमध्ये श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये आहेत. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. विंडोज पुसून टाकू, की दोन्ही शेजारी शेजारी ठेवू? मशीन सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घेतं, ते लिनक्सने सुधारेल का?

उत्तर: सटासट

सुरू व्हायला लागणारा वेळ हा बराचसा हार्ड डिस्कचा दोष आहे, विंडोजचा थोडाच. त्याच डिस्कवर मिंट टाकलंत तर फरक पडेल, पण मनासारखा नाही. म्हणून पुसायचं की ठेवायचं हा प्रश्नच बाजूला ठेवा. २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी घ्या (जाडी ७ मिमी), जुनी डिस्क काढून तिच्या जागी बसवा आणि जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये टाका. विंडोज जसंच्या तसं राहतं. मिंट नाही आवडलं तर स्क्रू फिरवून परत पहिल्या जागी.

याचा आणखी एक फायदा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) बऱ्याचदा पहिल्या डिस्कच्या ईएफआय विभाजनात (त्यासाठी राखलेल्या भागात) टाकतो, तुम्ही दुसरी डिस्क निवडली असली तरी. मग ती पहिली डिस्क काढली की मशीन बूटच होत नाही. आत एकच डिस्क असली की हा घोळ संपला.

डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये तीन गोष्टी करा, यात कुचराई नको.

डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. ते चालूच राहिलं तर यूएसबी केसमधली डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते, कारण तिचं कुलूप त्या लॅपटॉपच्या टीपीएम चिपशी बांधलेलं असतं.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हकडे वळवलेले आहेत का ते बघा. ज्या फाइलवर ढगाचं चिन्ह दिसतं ती डिस्कवर नसतेच, नुसतं नाव असतं. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

शेवटचं शटडाउन शिफ्ट दाबून धरून करा. साध्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं, आणि मग लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं, काही लिहू देत नाही.

आता इन्स्टॉल. मिंट २२ मालिकेची सिनॅमन आवृत्ती उतरवा (तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत), साइटवरच्या चेकसमशी (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) पडताळा, रूफसने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा (रूफस विंडोजवर चालतो, म्हणून हे डिस्क काढण्याआधीच उरकून घ्या). बूट मेनूसाठी डेल-लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरला एफ१२ च, पण ती आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) चालू करावी लागते. बॅक कव्हर उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू लहान-मोठे असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर थेट कीबोर्डला टोचतो. ज्या जागेचा स्क्रू त्याच क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) रेड (RAID) किंवा आरएसटीवर असेल, तो एएचसीआय (AHCI) करा. जुनी डिस्क परत लावायची वेळ आली तर मोड आधी होता तसा करायला विसरू नका, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवेल. पुढे ‘इरेझ डिस्क’ निवडा आणि मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी-व्हिडिओ चालवायला लागणाऱ्या) चौकटीत खूण करा. बस्स.

उत्तर: वेलांटी

मराठीबद्दल. युनिकोड (कुठेही दिसणारी प्रमाण मराठी) टायपिंगला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट टॅबमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी) मिळेल, इंग्रजी अक्षरांच्या अंदाजाने टंकायची सवय असेल तर मराठी कागप. दऱ्या, सुऱ्या यातला र इनस्क्रिप्टमध्ये असा येतो: शिफ्ट धरून र ची कळ, मग हलन्त, मग य. पुष्कळ जणांना हे ठाऊक नसतं आणि ते ‘दर्या’ लिहून मोकळे होतात.

लिब्रऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्ड-एक्सेलच्या जागचं सॉफ्टवेअर) टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस इथे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या ‘बेसिक फॉन्ट्स, सीटीएल’ मध्ये देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवून ठेवा. हे केलं नाही तर इंग्रजी १२ आणि मराठी भलत्याच मापाची, असं पत्र तयार होतं.

श्रीलिपीच्या फाइल्सची गोष्ट वेगळी. त्यात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी चित्रं बसवलेली असतात. फॉन्टच्या टीटीएफ फाइल्स विंडोजमधून आणून डबल क्लिकने इन्स्टॉल केल्या की पत्रं मिंटवर वाचता येतील, छापताही येतील. मात्र तिथे काही दुरुस्त करण्याआधी लिब्रऑफिसचं ऑटोकरेक्ट बंद करा. ते वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्ह वाकडं करतं, आणि या फॉन्टमध्ये प्रत्येक बदल म्हणजे वेगळंच मराठी अक्षर. टायपिंगचं इंजिन विंडोजचंच आहे. तेव्हा विंडोज चालू आहे तोवर जी पत्रं पुन्हा वापरायची आहेत तेवढीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. बाकीच्यांची पीडीएफ पुरे.

उत्तर: कार्ट्रिज

एचपीचा १०२० असता तर एका ओळीत उत्तर संपलं असतं: एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन उतरवा, चालतो. एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाची कॅननची स्वतःची भाषा बोलतो. तो पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या प्रचलित भाषा समजत नाही, त्यामुळे मिंट त्याला आपोआप ओळखून छापू लागेल ही आशा नको. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण जुन्या धाटणीचा: ३२ बिट लायब्ररी मागतो आणि सीसीपीडी नावाची एक सेवा पाठीमागे सतत चालू असावी लागते. प्रिंटर नंतर चालू केला किंवा यूएसबी पोर्ट बदलला की तिचा पत्ता चुकतो आणि काम रांगेत अडकून बसतं. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हरही आहे, तो सोर्स कोडपासून स्वतः बांधून (कंपाइल करून) घ्यावा लागतो.

महिन्याला पाच-दहा पानं असतील तर या खटाटोपात पडू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मिंटच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) विंडोज टाका, त्याला ३ जीबी रॅम द्या आणि प्रिंटर यूएसबी यादीतून त्याच्या हवाली करा. यादी रिकामी दिसली तर तुमचा वापरकर्ता व्हीबॉक्सयूजर्स गटात नाही. गटात घालून लॉगआउट करा, पुन्हा लॉगइन करा. रोज छपाई असेल तर मी प्रिंटर बदला असंच म्हणेन, ड्रायव्हर न मागणारा, म्हणजे आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट ही छपाईची प्रमाणं पाळणारा.

पुढचा प्रश्न: तळटीप

छपाई आठवड्याला जेमतेम दोन पानं, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. दोन शंका: डिजिटल सहीचा डोंगल चालेल का? आणि एक्सेल शीट लिब्रऑफिसमध्ये बिघडतील का?

उत्तर: सटासट

डोंगल चालेल की नाही ते सही ज्या पोर्टलवर करायची त्यावर ठरतं. सहीसाठी संगणकावर एक छोटा प्रोग्राम टाकावा लागतो आणि तो बहुतेक वेळा विंडोजपुरताच तपासलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्समधलं विंडोज ठेवणारच आहात तर डोंगल तिथेच लावा. आयकराचं विवरणपत्र ब्राउझरमध्ये भरून आधार ओटीपीने पडताळणार असाल तर डोंगलची गरजच नाही. टॅली असेल तर तेही त्याच विंडोजमध्ये.

साध्या शीट उघडतात, मॅक्रो असलेल्या मात्र अडतात. रूप बिघडतं ते फॉन्टमुळे: कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया असले की अक्षरांची रुंदी तंतोतंत तीच राहते, ओळी सरकत नाहीत. दोन्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये आहेत. समोरच्याला एक्सेलच हवं असेल तर जतन करताना एक्सएलएसएक्स निवडा.

इन्स्टॉल झाल्यावर टाइमशिफ्ट चालू करा. पण ते सिस्टिम मागे नेण्यासाठी आहे, होम फोल्डर (तुमच्या फाइल्स) ते मूळ सेटिंगमध्ये घेतच नाही. पत्रांची प्रत जुन्या डिस्कवर वेगळी काढत जा.

उत्तर: वेलांटी

एक भर: पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करताच) चालवाल तेव्हा वायफाय आणि आवाज यांच्यासोबत झाकण मिटून उघडूनही पाहा. झोपेतून मशीन उठलं नाही तर ते इन्स्टॉल करण्याआधी कळलेलं बरं. वायफाय दिसलंच नाही तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असताना तिथून ड्रायव्हर टाकलात तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगेल. पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं गेलं तर ड्रायव्हर लागत नाही आणि माणूस कार्ड खराब आहे असं समजून बसतो.